निवडुंगाला कोकोपीट नको

संपादक महोदय,

पावसाळ्यात नर्सरीतून आणलेले निवडुंग बुडाशी मऊ पडून जातात आणि दोष पावसाला मिळतो. खरं कारण कुंडीतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. इथल्या दमट हवेत ते कित्येक दिवस ओलंच राहतं. तळाशी खडीचा थर देऊनही भागत नाही, वरचा लगदा तसाच राहतो.

मी दोन भाग विटांचा चुरा, एक भाग भरड वाळू, एक भाग पानांचं कुजलेलं खत घेते. चुरा २ ते ५ मिलिमीटरचा. बारीक पूड चाळून काढायचीच, ती फटी बुजवते. समुद्राची वाळू मुळीच नको, तिच्यात मीठ असतं.

नर्सरीवाल्यांनी निवडुंग अशाच भरड मिश्रणात लावून विकावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रत्नागिरी