टाळी समेनंतर वाजवा

गेल्या रविवारी शहरातल्या एका गाण्याच्या मैफलीला गेलो होतो. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतले विस्ताराचे गाणे, विलंबित (संथ) एकतालात. 12 मात्रांचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, संपायला पाऊण मिनिट सहज लागते, आणि तेवढा वेळ गवई जो पसारा मांडतो तो समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आणून ठेवण्यासाठीच. पण लांब तान सुरू झाली रे झाली, की मागच्या रांगांतून टाळ्यांचा कडकडाट! सम आली कधी, गेली कधी, कळलेच नाही. तबल्याच्या तिहाईचेही (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणे) तेच. तिसरा ‘धा’ समेवर पडायचा असतो. आपली मंडळी दुसऱ्यालाच मोकळी. तबलजी बिचारा कसनुसा हसला.

निम्मा दोष निवेदकांचा. ‘नाशिककर, आवाज कमी येतोय!’ हे वाक्य मी त्या संध्याकाळी चारदा ऐकले. टाळी मागून घ्यायची असते का? पूर्वी समेवर मान हलायची, एखादी ‘वाहवा’ यायची, तीही दबक्या आवाजात. थोर शास्त्रीय गायक विष्णू दिगंबर पलुसकरांनी पंचवटीत मुक्काम केला ते हेच गाव.

नाटकातही मालिकेतला चेहरा रंगमंचावर आला, की टाळ्यांत त्याचे पहिले वाक्य बुडते. संगीत नाटकातल्या पदाला वन्समोअर जरूर द्या, पण पद संपल्यावर. मैफलीच्या शेवटची भैरवी चालू असताना पार्किंगमधली गाडी काढायला उठणाऱ्यांबद्दल वेगळे पत्र लिहीन.

– एक श्रोता, इंदिरानगर, नाशिक