यमू कशाने घडली?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मराठी कादंबऱ्यांतील तरुण नायिकांवर आलेला लेख मनापासून वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे. परंतु 'संकटांतून तावूनसुलाखून निघाल्यामुळेच या मुली खंबीर झाल्या' हा त्यातील निष्कर्ष मला पटला नाही, आणि ज्या कादंबरीचा मुख्य दाखला देऊन तो काढला आहे, तीच कादंबरी त्याच्या विरुद्ध साक्ष देते असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिची नायिका यमू आपली हकिकत स्वतःच सांगते. आईचा मृत्यू, वडिलांचे दुसरे लग्न, सासरचा जाच, थोड्याच काळात आलेले वैधव्य आणि अखेर शंकरमामंजींच्या पुढाकाराने सक्तीने झालेले केशवपन ही दुःखे लेखात क्रमाने आली आहेत. मात्र यमू बदलते ती यांपैकी कोणत्या प्रसंगी, हा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारलेला दिसत नाही. माहेरी आणि सासरी ती जे सोसते, ते बायकांच्या जन्माला लागलेलेच आहे असे समजून सोसते. तिला राग येतो, रडू येते, पण हे असे का, याचे उत्तर मागण्याची तिची तयारी नसते. ती तयारी होते मुंबईच्या बिऱ्हाडात, म्हणजे कादंबरीतल्या सर्वांत सुखाच्या भागात. तिथे नवऱ्याच्या संगतीत तिचे वाचन वाढते, त्याच्या विचारांच्या मित्रांच्या घरी येणेजाणे होते, त्या घरांतल्या बायकांशी मोकळेपणाने बोलता येते, आणि आजवर घडले ते सगळे तसेच घडायला हवे होते का, ही शंका तिच्या मनात प्रथमच रुजते. संकटाने तिला शहाणे केले म्हणायचे, तर मुंबईच्या या प्रकरणांचे कादंबरीत कामच उरत नाही; आणि आपट्यांसारख्या जाणत्या लेखकाने ती एवढ्या मायेने उगाच लिहिली असतील, हे मला तरी खरे वाटत नाही.

पुढे वैधव्य घेऊन ती परत त्याच माणसांत येते. माणसे बदललेली नाहीत, रीतही जुनीच आहे; बदलली आहे ती एकटी यमू. आधीच्या यमूने केशवपनाला नशीब म्हटले असते. आताची यमू त्याला अन्याय म्हणू शकते, आणि म्हणूनच तिचे दुःख दुप्पट होते. इथे 'खंबीर' हे विशेषण वापरताना मला संकोच वाटतो, कारण तिचा बदल तिला वाचवीत नाही. तिच्या हातात एवढेच राहते की झाले ते तिला सांगता येते. मागे वळून पाहणारी, बारीकसारीक तपशील लक्षात ठेवणारी, प्रसंगी स्वतःलाही हसणारी जी निवेदिका आपल्याशी बोलते, ती मुंबईच्या बिऱ्हाडाची कमाई आहे.

लेखात दुर्गीचा उल्लेख नाही, याचे मला सर्वांत आश्चर्य वाटले. यमूची ही बालमैत्रीण. नवऱ्याकडून तिचा जो छळ होतो, त्यापुढे यमूचे सासरचे पहिले दिवस बरे म्हणावे लागतील. सोसण्याने माणूस घडत असते, तर या कादंबरीची सर्वांत प्रगल्भ स्त्री दुर्गी ठरली असती. तसे होत नाही. ती पिचत जाते. मी खानापूर तालुक्यात मराठी शिकवीत असताना या कादंबरीतली काही पाने वर्गात मोठ्याने वाचली होती. त्यानंतर एका मुलीने उभे राहून विचारले, "बाई, दुर्गीला कुणीच का नेलं नाही मुंबईला?" समीक्षेचे पुष्कळ ग्रंथ चाळूनही इतका नेमका प्रश्न माझ्या वाचनात आलेला नाही.

याच संदर्भात आपल्या गावच्या माणसाची आठवण व्हायला हवी होती. बाबा पदमनजी यांचा जन्म 1831 चा, बेळगावचा. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा 1856 मध्ये झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्यांचे 'यमुनापर्यटन' आले, ज्याला अनेक अभ्यासक मराठीतील पहिली कादंबरी मानतात. योगायोगाने तिची नायिकाही यमुनाच. ती नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दैना पाहते, त्यावर दोघे बोलतात. तिच्यावर स्वतःवर वैधव्य येते ते यानंतर. म्हणजे इथेही समज आधी आली आहे आणि संकट मागून. ही यमुना पुढे ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. कादंबरी म्हणून पुस्तक कच्चे आहे, लेखक अधूनमधून गोष्ट सोडून उपदेशाला लागतो, धर्मप्रसाराचा हेतू तर लपतच नाही. तरीही ज्या यमुनेला बरोबरीने बोलणारा सोबती आणि बाहेरचे जग मिळाले, तिला वाट सापडली, हे त्यात स्पष्ट दिसते.

हा वाद केवळ पुस्तकी आहे असे कोणी म्हणेल. पण 'जरा सोसू दे, सोसल्यावर घडेल' हे वाक्य आपल्या सीमाभागातील घराघरांत अजून ऐकू येते, आणि ते बहुधा मुलींच्याच बाबतीत. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात बस आली नाही की मुलीची शाळा बुडते, पुढे ती सुटतेच, आणि मग घरकामात व शेतात ती 'तयार' होते असे कौतुकाने सांगितले जाते. तिच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. परंतु त्या कष्टांना शिक्षणाच्या जागी बसवू नये, आणि साहित्यावर लिहिणाऱ्यांनी तर या समजुतीला नायिकांचा दाखला मुळीच पुरवू नये.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा येथे दरवर्षी साहित्य संमेलने उत्साहाने भरतात. त्यांपैकी एखाद्या व्यासपीठावर या दोन यमुनांवर परिसंवाद ठेवावा व त्यात शाळकरी मुलींना बोलू द्यावे, अशी संयोजकांना आपल्या पत्रामार्फत विनंती करते. लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात दुर्गीला निदान एक परिच्छेद मिळावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
खानापूर, जि. बेळगाव