भरतकामाची उलटी बाजूही पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवात आमच्या भागातल्या एका मंडळाने महिलांची हस्तकला स्पर्धा ठेवली होती. भरतकामाच्या गटात मी कॅनव्हासवर, म्हणजे भरतकामाच्या जाळीदार कापडावर, भरलेला मोर दिला होता. बक्षीस मिळालं नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहिल्या तिघींत आलेल्या एका चित्रातले मणी शिवलेले नव्हते, चिकटवलेले होते. जवळून पाहिलं तर मण्यांच्या कडेने गोंद दिसत होता. ‘काम फ्रेम करूनच आणावे’ असा नियम असल्याने परीक्षकांना मागची बाजू बघायला मिळालीच नाही. हे पत्र त्या नियमाबद्दल आहे.

मी २७ वर्षं ब्लाउज शिवते. मशीनवर हात बसलेला, त्यामुळे सुईचं काम आपल्याला येतंच असं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीतल्या काकूंकडे कॅनव्हासचं भरतकाम शिकायला जाऊ लागले. दुपारी तीन ते पाच, गिऱ्हाईक नसतं ती वेळ. पहिले तीन आठवडे काकूंनी मणी आणि जर हातात घेऊच दिली नाही. नुसता तिरपा टाका. तो आडव्या ओळींत भरत गेलं की कॅनव्हास एका बाजूला ओढला जातो, चौकोनाचा पतंग होतो. तोच टाका कोपऱ्यातून कोपऱ्याकडे, एक ओळ चढती आणि एक उतरती असा भरला, की कापड सरळ राहतं आणि मागे चटईसारखी वीण उमटते. पुढून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मी काहीही दाखवायला नेलं की काकूंचं पहिलं वाक्य ठरलेलं, “उलटं कर बघू.”

मोराच्या मानेला तर मी निळ्याला लागून थेट हिरवा भरला होता. पट्टा बांधल्यासारखं दिसायला लागलं. चार बोटं रुंद भाग उसवला आणि मग काकूंनी शेडिंग शिकवलं. सहा पदरी धागा आधी पदर न् पदर सुटा करायचा, मग हवे ते पदर जुळवून घ्यायचे. एकाच सुईत चार निळे, दोन हिरवे. पुढच्या ओळींना तीन-तीन. मग दोन निळे, चार हिरवे. आता ती मान लांबून बघितली तर रंग कुठे बदलला ते मलाही सांगता येत नाही.

जरीने मात्र रडवलं. हल्लीची बहुतेक जर म्हणजे दोऱ्यावर गुंडाळलेली चकचकीत प्लास्टिकची पट्टी. कॅनव्हासमधून घासून घासून ती सुटते आणि आतला दोरा उघडा पडतो. त्यावर उपाय म्हणजे दीड वीतच धागा घ्यायचा, मोठ्या नेढ्याची सुई वापरायची आणि नेढ्यात फास घालून धागा अडकवायचा. मणी सगळ्यांत शेवटी. इंचाला १४ घरं असलेल्या कॅनव्हासवर ११ नंबरचा मणी नेमका बसतो. मेण लावलेला दुहेरी दोरा, प्रत्येक मण्याला तिरपा टाका आणि सगळ्यांचा कल एकाच दिशेला. एकाचा जरी कल चुकला, तरी उजेडात तो वेगळा चमकतो.

इंचाला १४ घरं म्हणजे चौरस इंचात १९६ टाके. माझा मोर ८ बाय १० इंचांचा, म्हणजे १५,६८० टाके. चार महिने लागले.

शिवलेला मणी काय असतो ते मी २०१९ च्या महापुरात पाहिलं आहे. सांगलीच्या गावभागातल्या माझ्या माहेरी पाणी शिरलं होतं. आईने रुखवतासाठी केलेलं मण्यांचं तोरण ट्रंकेत बुडून राहिलं होतं. चिखल धुतला तेव्हा जर काळी पडलेली, कापडावर डाग. पण मणी एकही सुटला नव्हता. त्याच ट्रंकेत मी शाळेत असताना चिकटवून केलेलं एक चित्र होतं, त्याचे मणी तळाच्या गाळात मिळाले.

संयोजकांनी फ्रेमचा नियम काढावा. काम कडा दुमडून, शिवून आणू द्यावं आणि परीक्षकांनी ते हातात घेऊन उलटावं. चिकटवलेल्या कामाला वेगळा गट द्यावा. त्यालाही मेहनत लागते, रंगांची जाण लागते, मी ते कमी लेखत नाही. निकालानंतर अर्धा तास कामं उघडून दाखवली तर शिकणाऱ्यांना फार उपयोग होईल. त्या दिवशी दहावीतली एक मुलगी मोरासमोर बराच वेळ उभी होती. “मावशी, मणी कसे बसवले?” म्हणाली. दाखवायला म्हणून मी चित्र फिरवलं, तर मागे खाकी कागद आणि खिळे. मी तिला नुसतं तोंडाने सांगितलं, तिला ते समजलं नाही.

नवरात्रातही अशा स्पर्धा होतील. माझी लक्ष्मीची पावलं तेव्हापर्यंत पूर्ण होतील आणि ती मी फ्रेम न करता आणणार आहे. नियमात बसत नसेल तर संयोजकांनी आधी कळवावं.

– एक शिवणकाम करणारी वाचक, सांगली