निलंबन झाले, दोषारोपपत्र कुठे आहे?

संपादक महोदय,

मी एका शासकीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक. एक नस्ती (फाईल) गहाळ झाल्याचा ठपका ठेवून मला निलंबित केले, त्याला या महिनाअखेर १४ महिने होतील. दोषारोपपत्र अजून हाती पडलेले नाही. विचारायला गेलो की ‘फाईल वर गेलीय’ हे ठरलेले उत्तर. आता चौकशीचीच नस्ती गहाळ झाली की काय, कोण जाणे!

अजयकुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितले की, तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालवता येणार नाही. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात हीच ९० दिवसांची मर्यादा स्वीकारली. त्याची प्रत मी तीन अर्जांना जोडली. मिळाला तो फक्त आवक शिक्का.

दर महिन्याला ‘अन्यत्र नोकरी-धंदा करत नाही’ असे लिहून द्यायचे, तेव्हा निलंबनकाळात पगाराऐवजी मिळणारा निर्वाह भत्ता निघतो. मुख्यालय, म्हणजे निलंबनकाळात राहायला ठरवून दिलेले ठिकाण, सोडायला परवानगी लागते. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला गावी जायचे होते. परवानगी आली तोवर पट्टीही निघाली होती. इकडे माझे टेबल शेजारच्या लिपिकाच्या गळ्यात, आणि मला घरी बसवून सरकार पैसे देते आहे.

चौकशी नको, असे मी म्हणत नाही. दोषारोपपत्र द्या, दोषी ठरलो तर शिक्षा करा. तोवर कामावर घ्या, हवे तर दुसऱ्या शाखेत.

– एक निलंबित लिपिक, लातूर
(कृपया नाव छापू नये.)