कुर्डीच्या जोत्यांवरच्या पणत्या

मडगाव, मे अखेर

तीर्थरूप आई-बाबांस,
लेकीचा साष्टांग नमस्कार.

बाबांच्या गुडघ्यांमुळे यंदा तुम्हांला पुण्याहून येता आले नाही, म्हणून सोमेश्वराच्या उत्सवाला कुर्डीला मी एकटीच जाऊन आले. तिथले सगळे तुम्हांला सविस्तर कळवावे, असे परतताना वाटेतच ठरवले होते.

साळावली धरणाचे पाणी या वर्षीही चांगले खाली गेले होते आणि आपले बुडालेले गाव उघडे पडले होते. भेगाळलेला गाळ, वाळून काळे पडलेले बुंधे आणि त्यांच्यामध्ये चिऱ्यांची जोती, हे दृश्य तुम्हांला नवे नाही. देवळात अभिषेक आणि आरती झाली, प्रसाद झाला. एरवी त्यानंतर जो तो आपल्या घराची जागा पाहून येतो आणि मंडळी पांगू लागतात. या वेळी मात्र आपल्या वाड्यावरच्या लोकांनी आधीच ठरवले होते की ऊन कलल्यावर प्रत्येक जोत्यावर एक पणती लावायची आणि एकही जोते अंधारात ठेवायचे नाही. या गर्दीत जेवणे, हसणे, फोटो सगळे होते, पण ज्यासाठी आपण जमतो ते दुःख कोणी उघड बोलत नाही, ही खंत वाडे आणि वालकिणीच्या पुनर्वसन वसाहतींतल्या वयस्क मंडळींनी बोलून दाखवली होती, आणि मला ती अगदी खरी वाटते. माणूस गेले तर सुतक असते, दहावे-बारावे असते. 1986 साली आपले गाव पाण्याखाली गेले, त्याचे सुतक कोणी पाळले होते का?

वारा फार होता. पणत्या विझू लागल्या, तेव्हा कोणी त्या नारळाच्या करवंट्यांत ठेवल्या, कोणी चिऱ्याच्या आडोशाला. वाड्यावरच्या ख्रिस्ती कुटुंबांनी मेणबत्त्या आणल्या होत्या. ज्यांच्या घरचे कोणी आले नव्हते, किंवा ज्यांच्या घरी आता कोणी उरलेच नाही, त्यांच्या जोत्यांवर शेजाऱ्यांनी दिवा लावला, आणि लावताना त्या घराचे नाव मोठ्याने उच्चारले. दोन जोती कोणाची हे कोणालाच आठवेना. तिथे नाव न घेता पणती ठेवली, आणि त्या वेळी सगळेच गप्प झाले.

आपले जोते मला ओळखता आले नाही. गाव सोडताना मी सहा वर्षांची होते. मला आठवतो तो फक्त माजघरातला गारवा. शोधत फिरत होते, तेवढ्यात आई, तुमची शेजारीण, जी तुम्हांला नाताळात दोदोल पाठवीत असे, ती काठी टेकीत पुढे आली आणि मोडक्या तुळशीवृंदावनाकडे बोट दाखवून म्हणाली, "हें तुमचें." तिथे एक मेणबत्ती आधीच जळत होती. मी तिच्या शेजारी आपली पणती ठेवली आणि तुम्हां दोघांचे नाव घेतले. त्यानंतर मला रडू आवरले नाही, हे तुमच्यापासून लपवीत नाही.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात येऊन धरणाविषयी सांगून गेले होते, ही हकीकत बाबा, तुम्ही नेहमी कसलीही कडवट भावना न ठेवता सांगता. दक्षिण गोव्याला पाणी हवे होते, हे मलाही मान्य आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला तेच पाणी येते. महादेवाचे प्राचीन देऊळ दगड दगड सोडवून दुसरीकडे पुन्हा उभारता आले, याचा मला आनंद आहे. गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या नावातून तर गाव साऱ्या देशाला माहीत झाले. पण साध्या घरांचे असे काही जपले गेले नाही. तुमच्या पिढीने ते सोसले आणि वसाहतीत नव्याने चूल मांडली. आम्ही मुलांनी कधी त्याविषयी विचारलेही नाही. ही आमची चूक मला त्या संध्याकाळी फार जाणवली.

पणत्या तशाच ठेवून आम्ही निघालो. पाऊस सुरू झाला की त्यांच्यावरून पाणी चढेल.

बाबा, एक काम आहे. घराचा आराखडा एका कागदावर काढून पाठवा: स्वयंपाकघर, माजघर, गोठा, परसातली विहीर, कोणती खोली कोणत्या दिशेला ते लिहून. आई, तुम्ही बाजूला बसून त्यांचे चुकले तर सुधारा. पुढच्या मे महिन्यात मुलांना घेऊन जाणार आहे, आणि पणती चुलीच्या जागी ठेवावी अशी माझी इच्छा आहे.

तुमची,
धाकटी