शाल-श्रीफळ नको, कार्यशाळेच्या छपराला पत्रे द्या

सप्रेम नमस्कार.

यंदा आपल्या अभियांत्रिकी कॉलेजमधल्या गुणवंत विद्यार्थ्यांचा आणि शिक्षकांचा सत्कार समारंभ होणार नाही. मंडळाच्या बैठकीत तसे ठरले आहे. एकमताने ठरले असे मात्र म्हणता येणार नाही, दोन ज्येष्ठ सभासद अजून फुरंगटून आहेत. सत्कार करण्याजोगे काही घडले नाही असे नाही. उलट, मिरवावे असे बरेच घडले आहे. पण मांडव, ध्वनिक्षेपक, स्मृतिचिन्हे, शाली आणि जेवणावळ असा हिशेब कागदावर उतरला, तेव्हा कोणीतरी विचारले, ज्यांचा सत्कार करायचा त्यांना तरी हे हवे आहे का? मग मुलांनाच विचारले. त्यांनी कार्यशाळेवर पत्रे मागितले.

कॉलेजच्या मागच्या अंगाला असलेली शेड जुन्या मंडळींना आठवत असेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला लागले, तेव्हा तिचे पत्रे उडाले. त्या दिवशी आपल्याकडच्या माडा-पोफळींचे काय झाले ते कोणाला सांगायला नको. नंतर निम्मी शेड शाकारली गेली, उरलेल्या निम्मीवर ताडपत्री आली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळाने ती ताडपत्रीही नेली. तेव्हापासून दरवर्षी मृग लागायच्या आत लेथच्या बेडला ग्रीस फासायचे, वर गोणपाट, त्यावर प्लॅस्टिक, आणि पाऊस उघडेपर्यंत त्या बाजूचे काम बंद. समुद्र जवळ, वारा खारा. उघडे राहिलेले ड्रिलचे पाते आठवडाभरात तांबूस होते. प्रस्ताव वर गेलेले आहेत. त्यांची कथा इथे सांगत बसत नाही, कारण त्यात आपल्यासारख्यांना करण्याजोगे फारसे काही नाही. पत्रे घालणे मात्र आपल्याला जमण्यासारखे आहे.

अशा शेडमध्ये मुलांनी काय केले, ते जरा सविस्तर सांगतो.

आमसुलांची रीत आपल्या घराघरांत ठाऊक आहे. रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, साल उन्हात घालायची, मग मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा उन्हात, आणि हेच काही दिवस चालू ठेवायचे. सारी भिस्त उन्हावर. रातांबा पिकतो तोही नेमका एप्रिल-मेमध्ये, म्हणजे वळवाच्या तोंडावर. २०२५ साली तर मान्सून २५ मेलाच देवगडपर्यंत येऊन ठेपला. ज्यांचा माल खळ्यात होता त्यांनी तो उचलून माजघरात पसरला, आणि तिथे त्याला बुरशी धरली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण बुरशीला मानांकन कळत नाही.

यांत्रिकी शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी यावर वाळवणी यंत्र केले. दिवसा सूर्याची उष्णता, आणि आभाळ भरून आले की खालच्या चुलीत काजूची टरफले. टरफले आपल्याकडे फुकट पडलेली असतात, पण त्यांत तेल असते आणि त्याचा धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो. तो खाण्याच्या वस्तूला लागला की माल वाया. म्हणून चुलीचा धूर बंद नळ्यांतून थेट धुरांड्यात नेला, आणि त्या नळ्यांना बाहेरून लागून तापलेली स्वच्छ हवा तेवढी ट्रेपर्यंत जाईल अशी रचना केली. ऐकायला सोपे वाटते. नळ्यांचे सांधे वेल्ड करून हवाबंद करण्यात मात्र एक अख्खी सहामाही गेली.

पहिला घाणा निघाला तेव्हा बचत गटातल्या एका आजींनी आमसूल दोन बोटांत धरून कटकन मोडले. “पोरांनो, ह्यो आमसूल नाय, पापड झालाय.” खालच्या ट्रेमधला माल करपत होता आणि वरचा ओला राहत होता. शिवाय उष्णता एकदम लागली की साल बाहेरून कडक होते आणि ओल आतच कोंडते. मग मुलांनी तापमान ५५ अंशांच्या आसपास राखणारी झडप बसवली, ट्रे खालीवर फिरवायची सोय केली आणि मध्ये मध्ये हवा थांबवून सालीला दम खाऊ द्यायचे ठरवले. हे शेवटचे आजींनीच सुचवलेले. उन्हात वाळवतानाही रात्री माल गोळा करून झाकतात, तेव्हा आतली ओल बाहेर येते, असे त्या म्हणाल्या. प्रकल्पाच्या अहवालात आजींचे नाव मार्गदर्शक म्हणून छापले आहे, आणि ते योग्यच झाले.

हे यंत्र आविष्कार या आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धेत राज्य पातळीवर गेले. पेटंटचा अर्जही दाखल झाला आहे. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत आहे. ऑनलाइन अर्जाला ८,००० ऐवजी १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीला २०,००० ऐवजी ४,००० रुपये लागतात. तेवढे कॉलेजने भरले. पण अर्जाचा मसुदा करणे, आधीची पेटंटे धुंडाळणे, आक्षेपांना उत्तरे देणे याला जाणकार माणूस लागतो आणि त्याची फी सवलतीत बसत नाही. आपल्यापैकी कोणी मुंबई-पुण्यात या व्यवसायात असेल, तर आम्हाला तुमचे पैसे नकोत. महिन्यातली एक संध्याकाळ द्या.

दुसरा प्रकल्प पाण्याचा. २२ जुलै २०२१ ची पहाट चिपळूण आणि महाड विसरणे शक्य नाही. एकीकडे वाशिष्ठी, दुसरीकडे सावित्री आणि गांधारी, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर कोसळलेली दरड. मोठ्या नद्यांची पातळी सरकार मोजते. डोंगरातून उतरणाऱ्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, अचानक लोंढा आला तर मात्र खालच्या वाडीला कळते ते पाणी अंगणात आल्यावर. इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या मुलींनी एका साकवाच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, खाली ध्वनिलहरींनी पाण्याची पातळी मोजणारे उपकरण टांगले. पाणी इशाऱ्याच्या खुणेवर आले की वाडीतल्या देवळावरचा भोंगा वाजतो.

इथेही गंमत झाली. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. पाणी चार मीटर खाली असेल आणि दुपार-पहाटेत पंधरा अंशांचा फरक पडला, तर मोजणी दहा सेंटीमीटरने चुकते. ती चूक गणिताने सुधारता आली. कोळ्याची चूक गणिताने सुधारता येईना. एका रात्री कोरड्या ठणठणीत पऱ्यावर भोंगा वाजला, सगळी वाडी कंदील-बॅटऱ्या घेऊन देवळाशी जमली, आणि साकवाखाली पाहतात तो उपकरणाच्या तोंडावर कोळ्याने जाळे विणलेले. त्यालाच ते वर आलेले पाणी समजले होते. आता तिथे दोन उपकरणे शेजारी शेजारी आहेत आणि दोघांचे एकमत झाल्याशिवाय भोंगा वाजत नाही. हा संघ स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या देशपातळीवरच्या विद्यार्थी स्पर्धेच्या हार्डवेअर विभागात अंतिम फेरीपर्यंत गेला. सहा जणांच्या संघात किमान एक मुलगी हवी असा तिथला नियम, आणि आपल्या संघात मुलगे दोनच होते. बक्षीस मिळाले नाही. कोळ्याची गोष्ट परीक्षकांना फार आवडली म्हणतात, पण गुण तिला नव्हते.

शिक्षकांपैकी स्थापत्य विभागातल्या मॅडमना किनारपट्टीवरच्या काँक्रीटमधल्या गंजावरील संशोधनासाठी डॉक्टरेट मिळाली. विषय रूक्ष वाटेल, पण तो आपल्या प्रत्येकाच्या घराच्या स्लॅबचा आहे. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे भारतीय मानक किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगते. आपल्याकडे सळईखाली खडीचा तुकडा सरकवून ‘बस झालं कव्हर’ म्हणतात. त्यात खाडीची वाळू न धुता वापरली की मीठ आपण होऊनच स्लॅबच्या पोटात घातले जाते. सळई गंजते, फुगते, प्लॅस्टर सुटते, आणि मग आपण गवंड्याला शिव्या देतो. मॅडम आणि त्यांचे विद्यार्थी सुटीच्या दिवशी गावांतल्या शाळा आणि ग्रामपंचायतींच्या इमारती विनामूल्य तपासतात. सळईवरचे आवरण मोजणारे यंत्र कॉलेजकडे नाही. ते दर वेळी दुसऱ्या संस्थेकडून उसने आणावे लागते आणि सोमवारच्या आत परत द्यावे लागते.

गेट या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची नावे कॉलेजच्या फलकावर आहेतच, त्यांचे मनापासून अभिनंदन.

एक नाव मात्र कुठल्याच फलकावर नाही. कार्यशाळेतले निदेशक, ज्यांना आपण सगळे ‘काका’ म्हणतो. वाळवणी यंत्राच्या नळ्या हवाबंद झाल्या त्या त्यांच्या हातून, साकवाखाली उपकरण टांगायचा गंज न चढणारा कंस त्यांनी भंगारातल्या बोटीच्या पट्टीतून बनवला. असल्या कामाला राज्यस्तरीय पुरस्कार नसतो. त्यांना यंदा सत्काराबद्दल विचारले तर म्हणाले, शाल कपाटात बऱ्याच आहेत, टीआयजी वेल्डिंगचे मशीन तेवढे बघा.

तर आता मागणे.

पहिली गरज शेडच्या छपराची. रंगीत पोलादी पत्रे, ते ज्यांवर बसतात ते नवे आडवे पर्लिन, आणि वादळाचा अनुभव जमेस धरून पत्रे आवळायला जे-हुकांऐवजी यू-बोल्ट. काम नवरात्रानंतर, पाऊस पुरता उघडल्यावर सुरू करायचे आहे, म्हणजे पुढच्या मेच्या आत उरकेल. तीन कंत्राटदारांची दरपत्रके मंडळाच्या कार्यालयात लावली आहेत, कोणीही येऊन पाहावीत. ज्यांना आकडा हवा असतो त्यांच्यासाठी: एका पत्र्याचे पैसे द्या, दहांचे द्या, एका खणाचे द्या. पत्र्यांवर देणगीदारांची नावे घालायची नाहीत असे ठरले आहे. यावरूनही बैठकीत वाद झाला, पण छपरावरचे नाव वाचणार कोण?

दुसरे, वेल्डिंगचे मशीन आणि सळईवरचे आवरण मोजायचे यंत्र. ही चालू स्थितीतली जुनी मिळाली तरी चालतील. लोटे-परशुराम, महाड, धाटाव इथल्या कारखान्यांत आपले कितीतरी माजी विद्यार्थी देखभाल विभागात आहेत. नवी यंत्रे आली की जुनी भंगारात जातात. ती भंगारात जाण्याआधी आम्हाला एक फोन करा, टेम्पो आम्ही आणू. तुमच्या कंपनीचा निव्वळ नफा वर्षाला ५ कोटींच्या वर असेल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के तिला सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात. साहेबांशी थेट बोलायला संकोच वाटत असेल तर नुसते नाव कळवा, बोलायला आम्ही येतो.

तिसरे, प्रवास. संघ स्पर्धेला जातात तेव्हा यंत्र सोबत असते. मागच्या खेपेला मुली कोकण रेल्वेच्या जनरल डब्यात मांडीवर खोका घेऊन बसल्या होत्या. पुणे, नागपूर, दिल्ली, इंदूर इथे घर असलेल्यांनी चार दिवस मुलांना उतरायला जागा दिली तरी मोठा खर्च वाचेल. जेवणात मासे नसले तरी चालतील, सवय होईल.

देणगी शक्यतो चेकने किंवा बँकेतून द्यावी. आयकरात सवलत घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, आणि नवी कररचना निवडली असेल तरीही मिळत नाही. खाते क्रमांक आणि क्यूआर कोड पावतीपुस्तकावर छापलेला आहे. मंडळाच्या नावाने फोनवर कोणी ओटीपी मागितला तर तो आमचा माणूस नाही. जमा-खर्च दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फलकावर लागेल. सत्काराची वाचलेली रक्कम त्यात पहिली नोंद म्हणून आधीच चढली आहे.

चाकरमानी मंडळींनो, गणपतीला गावी येणारच आहात. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते एक कार्यशाळा उघडी ठेवतो आहोत. वाळवणी यंत्र पाहा, मुलांना प्रश्न विचारा, चुका काढा. पाऊस असेल तर छत्री घेऊन या, शेडमध्येही लागेल.

आपले नम्र,
माजी विद्यार्थी मंडळ, अभियांत्रिकी महाविद्यालय