पहिली चेतापेशी ब्रेडबोर्डवर जुळवू द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कोकणातल्या महाविद्यालयांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा आता सर्रास होतात. प्रोजेक्टरवर तयार प्रोग्राम चालतो, मुलं तोच आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतात आणि संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. मेंदूच्या धर्तीवर चालणारी यंत्रं, म्हणजे ज्याला न्यूरोमॉर्फिक अभियांत्रिकी म्हणतात तो विषय, याच साच्यात जाऊन बसू नये म्हणून हे पत्र. या विषयात नवा संशोधक घडवायचा असेल तर त्याने आधी एक चेतापेशी, म्हणजे तिची इलेक्ट्रॉनिक नक्कल, ब्रेडबोर्डवर (डाग न देता भाग खोचायच्या पट्टीवर) स्वतःच्या हाताने जुळवली पाहिजे, ती मोजली पाहिजे आणि ती बिघडली तर का बिघडली हे सांगता आलं पाहिजे. सॉफ्टवेअर त्यानंतर. हे काम रत्नागिरीत, लोणेऱ्यात, सावंतवाडीत आहे त्या प्रयोगशाळेत होण्यासारखं आहे.

विषयाचा उगमही असाच हाताच्या कामात आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठात कार्व्हर मीड यांनी एक गोष्ट हेरली. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडण्याआधी त्यातून जो अगदी बारीक प्रवाह झिरपतो, तो व्होल्टेजबरोबर घातांकी वेगाने वाढतो. चेतापेशीच्या पडद्यातल्या आयन-मार्गिकांचं, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वाटांचं, वागणंही बरंचसं तसंच असतं. त्यांची विद्यार्थिनी मिशा महोवाल्ड हिने त्यावरून सिलिकॉनचा दृष्टिपटल बनवला. १९९४पासून अमेरिकेत कोलोरॅडोतल्या टेलुराइड या डोंगरगावात दर उन्हाळ्यात तीन आठवड्यांची कार्यशाळा भरते. तिथे जीवशास्त्रवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले आणि संगणकवाले एकत्र बसून काहीतरी बनवतात. आम्हाला नक्कल करावीशी वाटते ती या एकत्र बसण्याची.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात सोपी चेतापेशी म्हणजे गळकी घागर: पाणी येत राहतं, थोडं गळत राहतं, ठरावीक खुणेला पोचलं की घागर एकदम रिकामी होते. घागरीच्या जागी १०० नॅनोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर घ्यावा आणि तो १०० किलोओहमच्या रोधातून भरावा. दोघांचा गुणाकार १० मिलिसेकंद, हा पेशीचा कालांक. खूण ठरवायला एलएम ३९३ हा कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजांची तुलना करणारी आयसी. १० किलोओहमचे दोन रोध ५ व्होल्टवर एकापुढे एक जोडले की मधोमध अडीच व्होल्ट मिळतात. ते कंपॅरेटरच्या धन टोकाला आणि कपॅसिटर ऋण टोकाला. एलएम ३९३ फक्त खाली ओढतो, वर ढकलत नाही. म्हणून आउटपुटवरून ५ व्होल्टला १० किलोओहमचा रोध हवाच. तो विसरला की सर्किट मुकं राहतं आणि अर्धी दुपार आयसी बदलण्यात जाते.

कंपॅरेटरचं आउटपुट थेट ट्रान्झिस्टरला देऊन कपॅसिटर रिकामा करावा असं प्रत्येकाच्या मनात येतं, आणि तिथेच पहिली ठेच लागते. व्होल्टेज खुणेच्या जरासं खाली आलं की कंपॅरेटर लगेच हात सोडतो. कपॅसिटर पुरता रिकामा होतच नाही, अडीच व्होल्टच्या आसपास नुसता थरथरत राहतो. त्यासाठी मध्ये ७५५५ हा टायमर एका ठोक्यासाठी बसवावा. त्याला १० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड लावले की १.१ मिलिसेकंदाचा ठोका मिळतो. तो २एन७००० या मॉसफेटच्या, म्हणजे स्विचसारखं काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या, गेटला द्यायचा; मॉसफेट कपॅसिटर पूर्ण रिकामा करून तेवढा वेळ दाबून धरतो. हा ठोका म्हणजे स्पाइक, आणि दाबून धरण्याचा तो वेळ म्हणजे खऱ्या चेतापेशीचा विश्रांतिकाळ. जुना साधा ५५५ इथे घेऊ नये. ५ व्होल्टवर त्याचं आउटपुट सव्वातीन-साडेतीन व्होल्टपर्यंतच चढतं. एखाद्या २एन७०००ला उघडायलाच ३ व्होल्ट लागतात, मग चार सर्किटं चालतात आणि पाचवं रुसतं.

हिशोब वहीत आधी मांडायचा आणि वीज नंतर द्यायची. इनपुट ५ व्होल्ट असेल तर शून्यापासून अडीचपर्यंत चढायला ६.९ मिलिसेकंद, त्यात १.१ची विश्रांती, म्हणजे ८ मिलिसेकंदांना एक आणि सेकंदाला १२५ स्पाइक. इनपुट ३ व्होल्ट केलं तर सेकंदाला साधारण ५३. २.४ला एकही नाही, कारण पाणी खुणेपर्यंत पोचतच नाही. या तीन आकड्यांतून आलेख काढला की चेतापेशीचा उंबरठा म्हणजे काय ते विद्यार्थ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

इनपुट २.७ व्होल्टवर ठेवलं तर सेकंदाला ३७ स्पाइक यायला हवेत. ते बघायला ऑसिलोस्कोपचा प्रोब कपॅसिटरला लावावा, आणि पेशी बंद! प्रोब काढला की पुन्हा सुरू. प्रोबवरचं बटण एकपटीवर असतं तेव्हा ऑसिलोस्कोपचा १ मेगओहमचा रोध थेट कपॅसिटरला लागतो. घागरीला आपणच एक भोक पाडलेलं असतं. आता व्होल्टेज २.४५च्या वर जात नाही. बटण दहापटीवर सरकवलं की रोध १० मेगओहम होतो आणि पेशी जागी होते. मोजणाराच मोजलं जाणारं बदलतो, हे संशोधकाच्या अंगात मुरायला याहून स्वस्त धडा आम्हाला ठाऊक नाही.

आपल्याकडच्या हवेचंही बघायला हवं. कोणाला सावकाश चालणारी पेशी हवी असते, म्हणून तो १०० किलोओहमच्या जागी १० मेगओहम लावतो. जानेवारीत एखादवेळी ती चालेल. आषाढात, खाऱ्या दमट हवेत, ब्रेडबोर्डच्या दोन पट्ट्यांमधूनच तेवढ्याच रोधाची गळती होऊ शकते. तसं झालं की ५ व्होल्टचे अडीचच उरतात, म्हणजे नेमका उंबरठा, आणि पेशी कधी बोलते कधी नाही. रोध वाढवण्यापेक्षा १ मेगओहमवर थांबून कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा, तोही पॉलिएस्टरचा घ्यावा. इलेक्ट्रोलिटिक स्वतःच गळका असतो. ब्रेडबोर्ड घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावेत, काळे पडलेले आयसीचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावेत. वीज मोबाइलच्या पॉवर बँकेवरून घेऊ नये. एवढ्या कमी प्रवाहाला फोन काढून घेतला असं समजून बहुतेक पॉवर बँका अर्ध्या मिनिटात झोपी जातात.

एक पेशी जमली की तशाच सामानातून आणखी चार करायच्या. पाचही सारख्या चालत नाहीत, कारण कपॅसिटरवर छापलेल्या आकड्यात १० टक्के इकडेतिकडे चालतं. चिपमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र असतो. उंबरठ्याखाली चालवलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये ५ मिलिव्होल्टचा फरक पडला तरी प्रवाह १०-१५ टक्क्यांनी बदलतो. असमान पेशींतून भरवशाचं उत्तर कसं काढायचं, हा या क्षेत्रातला जिवंत प्रश्न आहे, आणि तो पाच ब्रेडबोर्ड शेजारी ठेवल्यावर विद्यार्थ्याला आपसूक पडतो.

जीवशास्त्र पुस्तकातून उरकू नये, हा आमचा दुसरा आग्रह. किनाऱ्यावर तर त्याला निमित्तच नाही. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ साली चेतातंतूतल्या विजेची जी समीकरणं मांडली आणि ज्यांसाठी १९६३चं नोबेल मिळालं, ती नळ-माकूल जातीच्या प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर. माणसाचे तंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. अटलांटिकच्या नळ-माकूलातला तो तंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो, म्हणून त्यात तार सरकवता आली. मिरकरवाड्याच्या जेटीवर टोपलीत पडलेलं नळ-माकूल घ्यावं, आत कडक पांढरी कवटी असलेलं माकूल (कटलफिश) नको. नळीच्या बाजूने आवरण कात्रीने उभं चिरून पुस्तकासारखं उघडलं की आतल्या भिंतीवर दोन बाजूंना एकेक पांढरी चांदणी दिसते, तिच्यातून धागे पसरलेले. ही चेतागंडिका, म्हणजे चेतापेशींचा पुंजका. कात्री वरच्या वर चालवावी, नाहीतर शाईची पिशवी फुटते आणि मग काहीच दिसत नाही. बर्फातल्या माकूलात वीज उरलेली नसते, रचना तेवढी पाहायची.

वीज ऐकायला झुरळाचा पाय पुरतो. झुरळ बर्फाच्या पाण्यात काही मिनिटं निपचित होईपर्यंत ठेवून मागचा एक पाय काढावा आणि त्यात बारीक स्टीलच्या दोन टाचण्या एकमेकींपासून दूर टोचाव्यात. एडी ६२० हा अॅम्प्लिफायर, १ किलोओहमचा गेन-रोध लावला की पन्नासपट. पुढे ऑप-अॅम्प या साध्या अॅम्प्लिफायर आयसीने आणखी वीसपट. ३०० ते ३००० हर्ट्झची गाळणी आणि छोटा स्पीकर. पायावरच्या काट्यांना टूथपिक लावली की तडतड ऐकू येते. त्याऐवजी एकसुरी घूंऽऽ आली तर ते झुरळ नव्हे, भिंतीतली ५० हर्ट्झ. सगळं ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालवावं, लॅपटॉपचा चार्जर काढावा, ट्यूबलाइट बंद करावी. पाय वाळला की आवाज मंदावतो. इथे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याचा हात स्थिर असतो आणि इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी त्याच्याकडून शिकतो. घूं कोठून आली हे शोधताना पारडं उलटं फिरतं.

मग सॉफ्टवेअर. ब्रायन हे पायथॉनमधलं मोफत साधन आहे. त्यात आपलीच ब्रेडबोर्डवरची पेशी उतरवायची: कालांक १० मिलिसेकंद, विश्रांती १.१. हिशोबाचं पाऊल, म्हणजे दर किती वेळाने पुढचा आकडा काढायचा ते, ०.१ मिलिसेकंद ठेवलं तर चढण्याचे ६.९ मिलिसेकंद बरोबर येतात. घाईत कोणी साध्या ऑयलर पद्धतीने (पावलाच्या सुरुवातीचाच उतार पूर्ण पावलाला धरून) ५ मिलिसेकंदांचं पाऊल टाकलं तर पहिल्याच पावलाला आकडा नेमका २.५ येतो. अटीत ‘पेक्षा मोठा’ लिहिलं असेल तर उत्तर १० मिलिसेकंद, ‘मोठा किंवा समान’ लिहिलं असेल तर ५. कोडमधल्या एका चिन्हाने उत्तर दुप्पट झालं आणि दोन्ही चूक! पाऊल निम्मं करून उत्तर बदलतं का हे पाहिल्याशिवाय कुठलाही आलेख वहीत चिकटवू देऊ नये.

डोळ्याचं काम शिकवायला महागडा इव्हेंट कॅमेरा नसला तरी चालतं. हा कॅमेरा पूर्ण चित्र पाठवत नाही. ज्या बिंदूचा उजेड बदलला त्याचा पत्ता आणि वेळ तेवढी पाठवतो. फोनच्या व्हिडिओतून, प्रत्येक बिंदूच्या उजेडाचं लॉगरिदम घेऊन, ०.२ने फरक पडला की एक घटना नोंदवायची. फोनचं एक्सपोजर कुलूपबंद करायला विसरू नये, नाहीतर ढग सरकला की सगळे बिंदू एकदम ओरडतात. भर दुपारी खाडीकडे फोन रोखला तर पाण्याची चकाकीच घटनांचा पूर आणते आणि मधून जाणारी होडी त्यात हरवते. ती शोधायला लावणं हा चांगला स्वाध्याय. मात्र ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन नोंदींमध्ये ३३ मिलिसेकंदांची खाच असते, खऱ्या कॅमेऱ्याची मायक्रोसेकंदांची नोंद यातून मिळत नाही, हे विद्यार्थ्याला आधीच सांगावं.

स्पाइकच्या जाळ्याला शिकवताना पेशींमधल्या जोडण्यांचे भार किती बदलायचे ते उतारावरून ठरवतात, पण स्पाइक पायरीसारखा असतो, त्याचा उतार उंबरठा सोडून सगळीकडे शून्य. म्हणून खोटा, गुळगुळीत उतार वापरतात. बहुतेक नवखे इथे तासन्‌तास आकडे बदलत बसतात आणि जाळं शिकत नाही. आधी पेशी बोलतात का ते मोजावं. भार फार लहान असतील तर सगळ्या गप्प, फार मोठे असतील तर सगळ्यांचा गोंगाट. दोन्हींत शिकण्यासारखं काही पोचत नाही.

एका दाव्यापासून मुलांना जपायला हवं: ‘स्पाइक वापरले म्हणजे वीज वाचली.’ आपल्या लॅपटॉपवर वाचत नाही. तिथे गप्प पेशीचाही हिशोब दर पावलाला होतोच. बचत होते ती जिथे गप्प पेशीसाठी काहीच हलत नाही अशा चिपवर, जसं आयबीएमचं ट्रूनॉर्थ, २०१४ साली १० लाख पेशी आणि सुमारे ७० मिलिवॉट. इंटरनेट बरं असेल तर युरोपच्या ईब्रेन्स या मेंदू-संशोधनाच्या ऑनलाइन सेवेमार्फत मँचेस्टरचं स्पिनेकर आणि हायडलबर्गचं ब्रेनस्केल्स ही न्यूरोमॉर्फिक यंत्रं इथे बसून वापरण्याची सोय आहे. त्याकडे तिसऱ्या आठवड्यात वळावं, त्याआधी नको.

आमची सूचना अशी. जानेवारीत तीन आठवडे, पंधरा विद्यार्थी: पाच इलेक्ट्रॉनिक्सचे, पाच संगणकाचे, पाच प्राणिशास्त्र किंवा मत्स्यशास्त्राचे. प्रत्येक गटात तिघे, तिन्ही शाखांचा एकेक. मे महिन्यात सुट्टी असते खरी, पण तेव्हा निम्मी घरं आंब्याच्या पेट्या भरण्यात गुंतलेली असतात. शिकवणं मराठीतून व्हावं. चेतापेशी, अक्षतंतू, वृक्षिका हे शब्द मुलांना शाळेपासून येतात, अडतं ते इंग्रजीत प्रश्न विचारताना, आणि प्रश्न विचारला गेला नाही तर पुढचं सगळं फुकट. शोधनिबंध इंग्रजीत लिहायचा आहे, ते वर्षभराने शिकता येतं. प्रमाणपत्र हजेरीवर नको. पाच पेशींचा मोजलेला आलेख, त्यावर हिशोबाचा आलेख, आणि दोन्ही जिथे जुळत नाहीत तिथलं कारण, एवढी दोन पानं आणून देईल त्याला द्यावं.

शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि जिल्ह्यातली तंत्रनिकेतनं यांच्या विभागप्रमुखांनी या पत्राकडे लक्ष द्यावं ही विनंती. प्रत्येक गटाला लागणारं सामान सांगायचं तर ब्रेडबोर्ड पाच, एलएम ३९३, ७५५५ आणि २एन७००० प्रत्येकी आठ (तीन जळणार हे धरून), एडी ६२० दोन, ९ व्होल्टच्या बॅटऱ्या सहा, आणि दहापट प्रोबचा एक ऑसिलोस्कोप दोन गटांत मिळून.

आपले,
इलेक्ट्रॉनिक्स व प्राणिशास्त्र शिकवणारे काही प्राध्यापक,
रत्नागिरी